भागानगरची झाडे आणि त्यांचे राखणदार

आपल्या जुन्या बखरींत आणि पत्रव्यवहारात हैदराबादचा उल्लेख ‘भागानगर’ असा येतो. छत्रपती शिवाजी महाराज १६७७ मध्ये कुतुबशाहाच्या भेटीस आले ते या भागानगरास. हे नाव भागमतीवरून पडले की बागांवरून, हा वाद जुना आहे व तो येथे सोडवण्याचा माझा इरादा नाही. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच प्रवाशांनी मात्र शहराचे नाव ‘बागनगर’ असे ऐकले आणि बागांशीच जोडले. त्यांचे चुकले असे म्हणण्यासही मन धजत नाही; कारण जामबाग, रामबाग, सीतारामबाग, बशीरबाग, कुंदनबाग, बाग लिंगमपल्ली, बाग अंबरपेठ ही नावे आपण रोज उच्चारतो. बागा गेल्या, पाट्या राहिल्या.

झाडांच्या नावांचेही तसेच. तेलुगूत चिंचेला ‘चिंत’ म्हणतात. त्यावरून चिंतलकुंटा, चिंतलबस्ती ही नावे आली. उर्दूतल्या इमलीवरून इमलीबन आले. या इमलीबनात आज महात्मा गांधी बसस्थानक आहे, पण जुन्या पिढीतला मराठी माणूस लातूर-नांदेडची गाडी पकडायला अजूनही ‘इमलीबना’लाच जातो. चिंचेचे बन कुठे आहे, असे तेथे कोणी विचारीत नाही.

चिंचेपासूनच आरंभ करण्यास कारण आहे. या शहरात ज्या एका झाडाला इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली, ते चिंचेचे आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो पूर आला त्याला जुने हैदराबादी ‘तुगयानी’ म्हणत. मुसीच्या वरच्या खोऱ्यात शेकडो लहानमोठे तलाव होते. दोन दिवसांच्या अखंड पावसात त्यांतील दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले आणि ते सगळे पाणी एका नदीच्या पात्रात शहरावर आले. मृतांचा आकडा साधारणपणे पंधरा हजार सांगितला जातो. त्याहून पुष्कळ मोठे आकडेही सांगितले जातात. पूल वाहून गेले. १५७८ चा पुराना पूल तेवढा तग धरून राहिला. अफजलगंजचे इस्पितळ गेले. उर्दूचे थोर रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी एकाच वेळी गेली; कुटुंबात ते एकटे उरले. विवेकवर्धिनी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. सुलतान बाजार उंचावर असल्याने आपल्यापैकी पुष्कळ घरे वाचली. पण नदीकाठच्या मोहल्ल्यांत राहणाऱ्यांच्या गोष्टी या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या.

त्या पुरात अफजलगंजच्या काठावरील एका चिंचेवर चढून दीडशेच्या वर माणसे वाचली, असे सांगितले जाते. ते झाड आजही उस्मानिया इस्पितळाच्या आवारात, नदीच्या अंगाला उभे आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला शहरातील जाणती मंडळी त्याच्या सावलीत जमतात, मृतांचे स्मरण करतात आणि नदीविषयी बोलतात. मराठी मंडळी तेथे फारशी दिसत नाहीत, ही गोष्ट खटकते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो पूर पाहिला, त्यांना त्या दिवशी अर्धा तास काढता येऊ नये, याचे मला नवल वाटते.

चिंचच का तगली, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे. चिंचेचे लाकूड जड, चिवट आणि फांद्या लवचिक. वादळातही तिची फांदी सहसा तुटत नाही. मुळे खोल आणि पसरटही. आपले शहर ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले आहे, वरचा मातीचा थर पुष्कळ ठिकाणी हातभरच. अशा जमिनीत झाड उभे राहायचे तर मुळांना खडकाच्या भेगा शोधत जावे लागते. चिंच, कडुनिंब, वड, पिंपळ, करंज यांना ती विद्या साधते. मादागास्करहून आलेल्या गुलमोहराला ती साधत नाही. म्हणून मृगाच्या आधीच्या वावटळीत दरसाल आपल्या रस्त्यांवर गुलमोहर आणि पिवळी फुले येणारा पेल्टोफोरम आडवे पडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांच्याखाली चेपलेल्या मोटारींची छायाचित्रे येतात. शोभेसाठी लावलेले झाड शोभेपुरतेच टिकते. दुभाजकांवर हिरव्या भिंतीसारखा वाढणारा कोनोकार्पस तर २०२२ मध्ये राज्य सरकारलाच बंद करावा लागला.

तुगयानीनंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. त्या दोन तलावांची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या शहर सुधारणा मंडळाची कथा मात्र कमी सांगितली जाते. नदीचे काठ बांधणे, दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते आणि काठावर बागा असे त्या मंडळाचे काम होते. पूर आलेल्या जागी घरे न बांधता बाग करावी, म्हणजे पुन्हा पाणी आले तर झाडांत येईल, माणसांत येणार नाही, हे शहाणपण त्यात होते. पुढच्या पिढ्यांनी त्या काठाचे काय केले, हे सांगायला नको. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वरच्या दोन्ही तलावांतून पाणी सोडल्यावर मुसी इमलीबनाच्या बसस्थानकात शिरली आणि प्रवाशांना दोरांच्या आधाराने बाहेर काढावे लागले. तारीख पाहावी. एकशे सतरा वर्षांत दोन दिवसांचाच फरक.

रस्त्याकडेला झाडे लावण्याची रीत आपल्याकडे अशोकाच्या शिलालेखांइतकी जुनी आहे, असे आपण शाळेत शिकलो. निजामी अमलात ती रीत चालू होती याची जिवंत साक्ष शहराच्या पश्चिमेस आहे. विजापूरच्या रस्त्याने निघाले की अप्पा जंक्शनपासून मन्नेगुड्यापर्यंत सुमारे ४६ किलोमीटरच्या पट्ट्यात नऊशेच्या आसपास वड आहेत. हेच चेवेळ्याचे वड. बैलगाड्यांच्या काळात लावलेले, पारंब्या जमिनीला टेकलेले, दोन्ही बाजूंनी वर एकमेकांत मिसळलेले. विकाराबाद-तांडूरकडे ज्यांची शेते होती त्या आपल्या घराण्यांना या सावलीची ओळख नव्याने करून द्यायला नको.

हा रस्ता चौपदरी करायचे ठरले तेव्हा झाडे तोडणार हे उघड झाले. शहरातील निसर्गप्रेमींनी सुट्टीच्या दिवशी जाऊन एकेक वड मोजला, त्याची नोंद केली, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात नेले. चार वर्षे ते चालले. २०२५ च्या अखेरीस जो मार्ग निघाला त्यात रस्त्याची आखणी बदलून बहुतेक वड जागीच राखायचे आणि उरलेले मुळांसकट हलवायचे, असे ठरले. न्यायाधिकरणाची स्थगिती उठली आणि लगेच, ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, याच रस्त्यावर मिर्झागुड्याजवळ खडीने भरलेली टिपर आणि राज्य परिवहनची बस समोरासमोर धडकून किमान १९ माणसे गेली.

या अपघातानंतर झाडे वाचवणाऱ्यांवर जे शब्द बरसले ते वाचकांनी वाचले असतील. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचा संताप मी समजू शकतो. दोन पदरी रस्त्यावर अवजड वाहनांची ती गर्दी मीही पाहिली आहे आणि रस्ता रुंद व्हायला हवा होता यात शंका नाही. परंतु सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट दिसते ती सांगतो. वड मधल्या पट्ट्यात ठेवून त्यांच्या पलीकडून दुसरा पदर न्यावा, ही सूचना शेवटी मान्य झाली. ती पहिल्या दिवशी मान्य करायला काय अडचण होती? आखणी एकदा कागदावर उमटली की ती बदलणे म्हणजे हार, अशी आपल्या खात्यांची समजूत असते. उशीर झाडांमुळे झाला असे म्हणणे सोपे आहे. झाडे तर शंभर वर्षे तेथेच होती.

येथे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ची आठवण होते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमाराला लागणाऱ्या लाकडाविषयी विवेचन आहे. आंबा-फणसाचे लाकूड उपयोगाचे खरे, पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्यातील आशय आहे. हा उतारा आपण सभांतून उत्साहाने सांगतो. त्यात दोन व्यावहारिक गोष्टी दडल्या आहेत. झाडाला मालक असतो आणि त्या मालकाला विचारावे लागते. रस्त्यावरच्या झाडाचा मालक कोण, हा प्रश्न मात्र आज्ञापत्राने सोडवलेला नाही.

कायद्याने तो सोडवायचा प्रयत्न केला. संयुक्त आंध्र प्रदेशात २००२ मध्ये पाणी, जमीन व वृक्ष कायदा झाला. त्याला सगळे ‘वाल्टा’ म्हणतात. राज्य विभागल्यावर तो तेलंगणातही चालू राहिला. त्यानुसार खासगी आवारातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात यासाठीचा नागरी वृक्षसंरक्षण कायदा १९७५ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने तेथे पन्नास वर्षांवरील झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानले गेले. असे झाड तोडायचेच तर त्याचे जितके वय तितकी रोपे लावावी लागतात. ही कल्पना मला फार आवडते. वय मोजायचे म्हटले की झाडाकडे निदान एकदा वर मान करून पाहावे लागते. आपल्याकडेही वय हाच निकष धरला तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील ‘हातियाँ का झाड’ पहिल्या क्रमांकावर यावे. ही गोरखचिंच, मूळची आफ्रिकेची, चारशेहून अधिक वर्षांची मानली जाते, बुंध्याचा घेर सुमारे २७ मीटर सांगतात. आत पोकळी आहे आणि त्यात चाळीस चोर लपत असत अशी दंतकथा आहे. आता तिच्या अवतीभोवती गोल्फ खेळतात. चोरांपेक्षा बरे.

लावण्याच्या उत्साहाबद्दल तर आपल्या राज्याला नावे ठेवता येणार नाहीत. देशात वनमहोत्सव सुरू केला तो जुलै १९५० मध्ये, केंद्रीय अन्न व शेती मंत्री क. मा. मुन्शी यांनी. हे तेच मुन्शी, जे १९४८ मध्ये पोलीस ॲक्शनपूर्वीच्या त्या तापलेल्या महिन्यांत भारत सरकारचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादेत होते. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना पाहिले ते रझाकारांच्या संदर्भात. दोन वर्षांनी त्यांच्या हातात रोप आले, हे अनेकांच्या ध्यानात राहिले नाही. त्यानंतर ३ जुलै २०१५ रोजी चिलकूरच्या बालाजी मंदिरापाशी ‘हरितहारम्’चा आरंभ झाला. २३० कोटी रोपे आणि राज्याचे हिरवे आच्छादन २४ वरून ३३ टक्क्यांवर, असा संकल्प होता. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार हैदराबाद शहराचे वनाच्छादन २०११ मधील ३३.१५ चौरस किलोमीटरवरून ८१.८१ चौरस किलोमीटर झाले. २०२१ मध्ये शहराला ‘जगातील वृक्षनगरी’ हा आंतरराष्ट्रीय मान मिळाला आणि २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील जेजू येथे जागतिक हरित नगर पुरस्कार. आणि याच शहरात मार्च-एप्रिल २०२५ मध्ये कांचा गच्चीबावलीची शंभरावर एकर झाडी काही दिवसांत यंत्रांनी साफ झाली; सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ती थांबवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी झाकता येत नाही.

आकड्यांविषयी माझ्या मनात थोडा किंतु आहे. सेवेत असताना दरवर्षी पावसाळ्यात आम्ही सर्व खात्यांचे लोक रोपे लावत असू आणि कित्येकदा नवे रोप गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात जात असे. खड्डा तयार असल्याने श्रम वाचत. म्हणूनच २०१८ च्या पंचायत राज कायद्यात आणि २०१९ च्या नगरपालिका कायद्यात लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के जगलीच पाहिजेत, अशी जबाबदारी लोकप्रतिनिधी व अधिकाऱ्यांवर टाकली गेली, तेव्हा मला ती तरतूद सर्वांत महत्त्वाची वाटली. लावण्याचा फोटो निघतो, जगवण्याचा निघत नाही. खम्मम जिल्ह्यातील दरिपल्ली रामय्या हे सायकलवरून बिया आणि रोपे घेऊन हिंडणारे गृहस्थ. लोक त्यांना ‘वनजीवी’ म्हणत. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, एप्रिल २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांनी कोटीभर झाडे लावली असे सांगतात.

आणि जगलेल्या झाडाचे काय? शहरातील झाड बहुधा कुऱ्हाडीने मरत नाही, हळूहळू मरते. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीपुरता आदेश दिला होता की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करावी. तारा टाकण्यासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटतात. झाड वर हिरवेच दिसते आणि पुढच्या वर्षी पडते. विजेच्या तारांसाठी एकाच अंगाच्या फांद्या छाटल्या की तोल जातो. लहानपणी घातलेली लोखंडी जाळी दहा वर्षांनी कोणी काढीत नाही, ती खोडात रुतते. लग्नसराईत दिव्यांच्या माळा, खिळे, बुंध्याशी जाळलेला पाला. यांतील एकाही गोष्टीला वाल्टाची परवानगी लागत नाही. झाडावर उपचार करता येतो हेही आपण विसरतो. महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री हा कित्येक शतकांचा वड वाळवीने पोखरला गेला, त्याची मोठी फांदी कोसळली, तेव्हा २०१८ मध्ये वनखात्याने सलाईनच्या बाटल्या टांगून त्याच्या खोडात थेंबाथेंबाने औषध सोडले. फांद्यांना खालून टेकू बांधले. लोक हसले, झाड तगले. २०२१ च्या सुमारास आपल्या गल्ल्यांतले कडुनिंब शेंड्याकडून करपू लागले, तेव्हाही घाबरून ते तोडण्याची गरज नव्हती. रोग बुरशीचा होता आणि पुष्कळ झाडे पुन्हा फुटली.

आपण मराठी मंडळी या विषयात कोठे आहोत? परंपरेने तर झाडाशी आपली गाठ पक्की आहे, आणि ती येथल्या लोकांशीही जुळते. कार्तिकात आपले आवळीभोजन, तेलुगू घरांचे वनभोजनालु. आपला पार, त्यांचा रच्चबंड. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून देतो. तेलंगणात ‘जम्मी’ म्हणजे शमीची पाने ‘बंगारम्’ म्हणून देतात आणि हीच जम्मी २०१४ मध्ये राज्यवृक्ष झाली. माझ्या माहितीतील जुन्या घरांत दोन्ही पाने एकाच तबकात असतात. मात्र वटपौर्णिमेला वडाची फांदी विकत आणून कुंडीत खोचायची प्रथा आपणच रूढ केली. ज्या झाडाच्या दीर्घायुष्यासाठी आपण हात जोडतो त्याचीच फांदी पहाटे मोडून आणलेली असते. बीडजवळ पालवण येथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद एका वडाला दिले होते. आपल्या साहित्य संमेलनांचे अध्यक्षीय वाद आठवले की ही निवड बिनविरोध झाली असावी, याचा हेवा वाटतो.

खरी हानी झाली ती आपल्या आवारांत. काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार येथील वाड्यांत एक विहीर, तिच्याशी औदुंबर किंवा पारिजातक, मागे कढीपत्ता, शेवगा, नारळ, असे साधारण रूप असे. १९९० नंतर हे वाडे एकामागून एक विकासकाकडे गेले. भाऊ-भाऊ वेगळे झाले, पुणे-मुंबईला आणि परदेशी गेले. वाड्याचे फ्लॅट होणे अपरिहार्य होते आणि त्यासाठी कोणाला दोष देऊ नये. पण करारनाम्यात चौरस फूट, मोटारींच्या जागा, लिफ्ट, नळ यांची कलमे असतात. झाडाचे कलम मी क्वचितच पाहिले. ते घालण्यास विकासकाची हरकत असतेच असेही नाही, फक्त ते आधी मागावे लागते, पाया खणल्यावर नाही.

काचीगुड्याच्याच एका इमारतीत हे घडलेले मला ठाऊक आहे. जुन्या वाड्यातला औदुंबर ठेवायचा, असे तिघा भावांनी कागदावर लिहून घेतले. त्यापायी तळमजल्यावरच्या मोटारींच्या दोन जागा गेल्या. आता दर गुढीपाडव्याला तेथील रहिवासी चिठ्ठ्या टाकतात. ज्या दोन घरांच्या नावाची चिठ्ठी निघते त्यांची मोटार त्या वर्षी रस्त्यावर उभी राहते आणि उंबरे पडली की काच पुसायचे कामही त्यांच्याकडेच येते.